घरची कुस्ती, जगाची कुस्ती

अमेरिकेची कुस्ती म्हटलं की आपल्याकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची ती झगमगती मारामारी येते. दोरांच्या रिंगणातल्या उड्या, पाठीत घातलेल्या खुर्च्या आणि आरडाओरडा. नव्वदच्या दशकात त्या पैलवानांच्या पत्त्यांचे डाव शाळेच्या मधल्या सुट्टीत रंगायचे. घरातली जुनी माणसं मात्र विचारायची, ‘ही कुस्ती म्हणायची की सोंग?’ नव्या शतकाच्या तोंडावर त्या रिंगणात कर्ट अँगल नावाचा एक गडी दिसू लागला. गळ्यात सोन्याचं पदक घालून तो यायचा. पाहणाऱ्यांना तेही सोंगच वाटायचं, पण त्याची सुवर्णपदकाची कमाई खरी होती. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो वजनगटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत इराणच्या अब्बास जदीदीशी तो बरोबरीत लढला आणि पंचांनी कौल त्याच्या बाजूनं दिला.

त्या पदकामागे अमेरिकेची जी खरी कुस्ती आहे, तिच्याविषयी आज बोलायचं आहे. ती टीव्हीवर फारशी दिसत नाही. ती दिसते शाळा-कॉलेजच्या व्यायामशाळांत. तिचं बळ तिथंच आहे आणि तिची अडचणही तिथंच आहे.

अमेरिकेत कुस्ती आली ती युरोपातून आलेल्या लोकांबरोबर. इंग्लंडच्या लँकेशायर भागात जिथं हात पडेल तिथं धरायची मुभा असलेली एक कुस्ती होती. तिचाच वंश तिकडं वाढला. अब्राहम लिंकन तरुणपणी नावाजलेले कुस्तीगीर होते. १८३१ साली न्यू सेलम गावात जॅक आर्मस्ट्राँग या दांडग्याशी झालेली त्यांची झुंज अजून सांगितली जाते. पुढे आयोवा राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा फ्रँक गॉच यानं १९०८ साली शिकागोत जॉर्ज हॅकेनश्मिटला हरवलं आणि तो जगज्जेता ठरला. १९१०मध्ये आपला गामा लंडनला गेला, तेव्हा त्यानं अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला आस्मान दाखवलं. गामा आणि गॉच मात्र कधीच समोरासमोर आले नाहीत.

गॉचनंतर या झाडाला दोन फांद्या फुटल्या. एक फांदी तिकीटबारीकडे वळली आणि हळूहळू ठरवून केलेल्या खेळात रूपांतरित झाली. दुसरी फांदी विद्यापीठांच्या अंगणात वाढली. ओक्लाहोमात एड गॅलाघर या प्रशिक्षकानं तरफ कुठं लागते, तोल कुठं जातो याचा इंजिनिअरच्या नजरेनं अभ्यास करून डाव शिकवले. १९२८ साली आयोवातल्या एम्स गावी विद्यापीठांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तेव्हापासून अमेरिकी पैलवान कॉलेजातून येतो. आपल्याकडे जे काम तालमीनं केलं, ते तिकडं कॉलेजनं केलं.

पण कॉलेजची कुस्ती आणि ऑलिंपिकची फ्रीस्टाइल कुस्ती एक नाही. कॉलेजच्या कुस्तीत ताबा महत्त्वाचा. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतलंत की त्याच्यावर स्वार राहायचं, त्याला उठू द्यायचं नाही. एक मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ हा ताबा आपल्याकडे अधिक राहिला तर त्याचा वेगळा गुण मिळतो. खालचा गडी निसटला तर त्यालाही गुण. आणि पाठ नुसती खाली फिरवून भागत नाही, ती तशी धरून ठेवावी लागते. फ्रीस्टाइलचा हिशेब निराळा. तिथं पाठ क्षणभर गादीकडे वळली तरी दोन गुण. नुसतं वर बसून राहिलात तर पंच दोघांना उठवून उभं करतो. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते.

याचा परिणाम काय होतो? अमेरिकी मुलगा सहा-सात वर्षांचा असल्यापासून कॉलेज सुटेपर्यंत मुख्यतः घरची कुस्ती खेळतो. त्याचा दम कमालीचा असतो. त्याचा एकेरी पट विजेसारखा असतो. पण कमरेला मिठी घालून भारंदाज मारणारा किंवा दोन्ही पाय बांधून गडगडा लोळवणारा रशियन, इराणी समोर आला की दहा सेकंदांत सहा गुण जातात. ज्या वयात दागेस्तानचा पोरगा फ्रीस्टाइलमध्ये मुरलेला असतो, त्या बाविशी-तेविशीत अमेरिकी पोरगा ती नव्यानं शिकत असतो.

आपल्याला हे दुखणं समजायला वेळ लागू नये. लाल मातीतला आपला मल्ल मॅटवर उभा राहिला की त्याची हीच गत होत आली आहे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले, तेव्हा त्यांना मॅटचा सराव नव्हता. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचं मार्गदर्शन त्यांना मिळालं आणि त्याच स्पर्धेत त्यांनी अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं.

मी स्वतः घरात दखनी बोलत वाढलो आणि मराठीत कविता लिहू लागलो. घरची बोली एक आणि चारचौघांत उभं राहायची भाषा दुसरी, यात माणूस किती अडखळतो ते मला ठाऊक आहे. पण दोन भाषा असल्या की काय मिळतं, तेही ठाऊक आहे. म्हणून या पैलवानांची गोष्ट मला जवळची वाटते.

या गोष्टीचा नायक डॅन गेबल. आयोवातल्या वॉटर्लू गावचा. शाळा आणि कॉलेज मिळून सलग १८१ कुस्त्या त्यानं जिंकल्या. १९७० साली कॉलेजमधली शेवटची कुस्ती उरली होती. लॅरी ओविंग्ज नावाच्या मुलानं ती १३-११ अशी जिंकली. गेबल व्यासपीठावर रडला. नंतर तो सांगत आला की त्या हारीनं आपल्याला घडवलं. पुढच्याच वर्षी तो सोफियात जगज्जेता झाला आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता त्यानं सुवर्णपदक जिंकलं. त्या वर्षी अमेरिकेला फ्रीस्टाइलमध्ये तीन सुवर्णं मिळाली.

आकडे पाहताना मात्र जरा जपून. १९०४च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये कुस्तीची बहुतेक सगळी पदकं अमेरिकेनं घेतली, कारण स्पर्धकच जवळजवळ सगळे तिथले होते. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये गेबल प्रशिक्षक असताना फ्रीस्टाइलच्या दहापैकी सात सुवर्णपदकं मिळाली, पण सोव्हिएत संघाचा बहिष्कार होता. खरी कसोटी पुढे लागली. ओक्लाहोमाचा जॉन स्मिथ १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जगज्जेता किंवा ऑलिंपिक विजेता राहिला. समोरच्याच्या घोट्यापाशी झेपावून घातलेला त्याचा एकेरी पट रशियनांनाही सुटला नाही. म्हणजे घरचंच हत्यार त्यानं जगाच्या मैदानाला लावून घेतलं होतं. १९९३ साली टोरांटोत अमेरिकेनं पहिल्यांदा जागतिक सांघिक विजेतेपद मिळवलं, १९९५ला पुन्हा मिळवलं.

मग उतार आला. २००४ला केल सँडरसन आणि २००८ला कागदपत्रांविना आलेल्या मेक्सिकन आईबापांचा मुलगा हेन्री सेहुदो, असं एकेकच सुवर्ण. याला दोन कारणं होती. एक तर विद्यापीठांनी खर्चाच्या नावाखाली आणि इतर हिशेबांपायी कुस्तीचे संघ मोठ्या संख्येनं बंद केले होते. दुसरं म्हणजे कॉलेज संपलं की पैलवानाच्या पोटाचं काय, हा प्रश्न. आपल्याकडे राजाश्रय गेल्यावर मल्लांचं झालं, तसंच.

उत्तर त्यांनी शोधलं ते असं. घरची कुस्ती मोडली नाही. तिच्या शेजारी दुसरं घर बांधलं. विद्यापीठांच्या आवारालगत प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली, तिथं पदवीनंतर पैलवान पगारावर राहून फ्रीस्टाइल घोटू लागले. ऑलिंपिक सुवर्णाला अडीच लाख डॉलरचं बक्षीस देणारा निधी उभा राहिला. जॉर्डन बरोजनं २०१२ला लंडनमध्ये सुवर्ण जिंकलं. २०१६ला काइल स्नायडर विसाव्या वर्षी ऑलिंपिक विजेता झाला. २०१७ला पॅरिसमधल्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या लढतीत त्यानं अब्दुलरशीद सादुलायेवला हरवलं आणि अमेरिकेनं रशियावर एका गुणानं मात करून सांघिक विजेतेपद घेतलं. २०२२ आणि २०२३ सालीही ते मिळवलं.

या प्रवासात एक गोष्ट मला पदकांहून मोठी वाटते. १९७९च्या क्रांतीनंतर अमेरिकेचा पहिला क्रीडासंघ इराणमध्ये गेला तो कुस्तीचाच. फेब्रुवारी १९९८मध्ये, तेहरानला, गुलामरझा तख्ती या थोर मल्लाच्या नावानं भरणाऱ्या स्पर्धेसाठी. ज्या शहरात अमेरिकेचा झेंडा जाळला जायचा, तिथं तो झेंडा आदरानं आत आला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. २०१३ साली ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात अमेरिका, इराण आणि रशियाचे पैलवान एकाच गादीवर उतरले. सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, पैलवान हातात हात घालून उभे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्तीला ऑलिंपिकमधली जागा परत मिळाली.

आता पुढचं काय? २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनं जुना प्रश्न पुन्हा उभा केला. १९६८नंतर अमेरिका ज्या ज्या ऑलिंपिकला गेली, तिथं पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये एक तरी सुवर्ण मिळालंच होतं. पॅरिसमध्ये एकही नाही. एक रौप्य, दोन कांस्य. रशियाचा संघ नव्हता, तरीही. सहा सुवर्णांपैकी दोन जपानकडे गेली. तीन दागेस्तानात वाढलेल्या पैलवानांनी बल्गेरिया, बहारीन आणि उझबेकिस्तानसाठी घेतली.

त्याच पॅरिसमध्ये अमेरिकी मुलींनी दोन सुवर्णं जिंकली. त्यातलं एक सारा हिल्डेब्रांटचं. तिच्याच वजनगटात आपल्या विनेश फोगटला शंभर ग्रॅमपायी अंतिम लढतीला मुकावं लागलं होतं, म्हणून ती कुस्ती आपल्याला विसरता येत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की अमेरिकेत कॉलेजच्या मुली फ्रीस्टाइलच्याच नियमांनी लढतात. एका स्पर्धेवरून सिद्धांत मांडणं घाईचं होईल. पण घरची वाट आणि जगाची वाट एकच असली की पाय लवकर उचलतो, इतकं तरी म्हणता येईल.

मग मुलांनीही कॉलेजची कुस्ती सोडून द्यावी का? तसं म्हणणारे तिकडं आहेत. पण अडीच लाखांहून जास्त शाळकरी मुलं तिकडं कुस्ती खेळतात, ती ऑलिंपिकसाठी नव्हे. ती गावासाठी, शाळेसाठी खेळतात. ते मूळ उपटलं तर फांदीला पाणी कुठून येणार? स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०२० साली कुस्तीचा संघ बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा शेन ग्रिफिथ हा त्यांचा मल्ल विद्यापीठाचं नाव नसलेला काळा पोशाख घालून राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला. काही आठवड्यांत विद्यापीठानं निर्णय मागे घेतला.

आणि ही घरची कुस्ती काही हलकी नाही. डॅन गेबलच्या नावावरून ज्याचं नाव ठेवलं, तो गेबल स्टीव्हसन टोकियोत शेवटच्या क्षणी पारडं फिरवून ऑलिंपिक विजेता झाला. मधे टीव्हीच्या त्या झगमगत्या रिंगणातही जाऊन आला. मग पुन्हा कॉलेजच्या गादीवर उतरला. मार्च २०२५मध्ये फिलाडेल्फियात अंतिम लढतीत वायट हेंड्रिक्सननं त्याला ५-४ असं हरवलं. जग जिंकलेला माणूस घरात हरला. २०२८ला ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसमध्ये आहे. बाविशीनंतरची चार-सहा वर्षं पैलवानाला निश्चिंतपणे दुसरी कुस्ती शिकू दिली, तर अमेरिकेची पुरुष मंडळी तिथं पुन्हा सोनं घेतील असं मला वाटतं. २०१७ ते २०२३ या काळात ते जमलं होतंच.

शेवटी एक कुस्ती सांगतो. सप्टेंबर २०१९, कझाकस्तानची राजधानी, जागतिक स्पर्धा, ६१ किलो, कांस्यपदकाची लढत. एका बाजूला विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेला टायलर ग्राफ, दुसऱ्या बाजूला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, मातीतून वर आलेला राहुल आवारे. दोघंही आपापली घरची कुस्ती मागे ठेवून, नंतर शिकलेल्या तिसऱ्याच कुस्तीत भिडले होते. राहुल ११-४नं जिंकला. त्या दिवशी आपल्या पोरानं ती परकी भाषा ग्राफपेक्षा चांगली बोलून दाखवली.