विजेचा दर ठरवणारा तिऱ्हाईत
सांगोल्याच्या डाळिंबबागेतली पाच एचपीची मोटर वर्षाला किती वीज घेते, याचा नेमका हिशेब कुणाकडेच नसायचा. मीटर नाही, बिल एचपीवर. मग वीज मंडळ शेतीचा वापर अंदाजाने धरायचं आणि गळतीची, चोरीची वीजही त्यातच जिरून जायची. बदनाम व्हायचा शेतकरी.

याचं मूळ जुनं आहे. 1948 च्या कायद्याने राज्यांची वीज मंडळं निघाली, पण त्याच कायद्याच्या 78 अ कलमानुसार धोरणाच्या बाबतीत मंडळाला सरकारच्या आदेशानेच चालावं लागे. दर कागदोपत्री मंडळाचे, शब्द मंत्रालयाचा. डिसेंबर 1993 मध्ये मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, तेव्हा ग्राहकांसमोर त्याची जाहीर सुनावणी घेणारा आयोग राज्यात नव्हता. महागडी वीज परवडेना, आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला.

तोवर ओडिशात 1996 साली देशातला पहिला वीज नियामक आयोग आला होता. 1998 मध्ये केंद्राने कायदा केला आणि ऑगस्ट 1999 मध्ये महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला. पहिल्याच दरसुनावणीत त्याने मंडळाला आकडे उघड करायला लावले. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी ते तपासले. वर्षानुवर्षं अठरा टक्क्यांच्या आत दाखवलेली गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली! शेतीच्या नावावर काय काय खपत होतं, ते तेव्हा कळलं. माझ्या मते आयोगाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

2003 च्या कायद्याने आयोगाला बळ दिलं. सदस्यांची निवड उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समितीकडून, मुदत पाच वर्षं, त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. सवलत द्यायची तर कलम 65 नुसार सरकारने पैसे आगाऊ भरायचे. न भरल्यास आयोगाचाच दर लागू. 2024 मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, तीही याच कलमाखाली.

पण 78 अ चं रक्त कलम 108 मध्ये उतरलं आहे. सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला लेखी निर्देश देऊ शकतं, आणि एखादी बाब धोरणाची आहे की नाही, यावर शेवटचा शब्द पुन्हा सरकारचाच. असा प्रत्येक निर्देश आयोगाने जनसुनावणीत मांडला पाहिजे, आणि ती सुनावणी सोलापुरातही झाली पाहिजे. सांगोल्याच्या बागायतदाराने आपल्या मोटरीचा हिशेब मांडायला पुण्या-मुंबईला का जावं?