कायद्याच्या दारानें आलेली हुकूमशाही

हुकूमशहा म्हटला म्हणजे तरवार उपसून राजवाड्यावर चालून जाणारा एखादा सेनापति आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. असे पुरुष इतिहासांत पुष्कळ झाले. परंतु विसाव्या शतकांतील अत्यंत क्रूर हुकूमशाहींपैकीं एक, जर्मनींतील नाझी सत्ता, या मार्गानें आली नाहीं. ती रीतसर शपथ घेऊन कायद्याच्या दारानें आंत आली. विद्वत्तेसाठीं जगांत नांवाजलेल्या राष्ट्रांत हें कसें घडलें, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. कारण तेथें जे मूग गिळून बसले त्यांत आपल्यासारखाच सुशिक्षित वर्ग मोठा होता.

हिटलरनें प्रथम बळाचाच प्रयोग करून पाहिला होता. नोव्हेंबर १९२३ मध्यें म्युनिक येथें त्यानें केलेला उठाव पोलिसांच्या गोळ्यांपुढें मोडला व त्याला तुरुंग पाहावा लागला. तेव्हां त्यानें मतपेटीची वाट धरिली. १९२८ सालीं त्याच्या पक्षास शेंकडा तीनहि मतें मिळालीं नाहींत. पुढें जागतिक मंदी आली, बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली, आणि जुलै १९३२ मध्यें त्याच पक्षाचीं मतें शेंकडा ३७ झालीं. तथापि मोकळ्या निवडणुकींत बहुमत त्याला कधींच मिळालें नाहीं. नोव्हेंबरांत तर मतें शेंकडा ३३ वर उतरलीं.

मग सत्ता हातीं आली कशी? १९३० पासून जर्मन सरकार विधिमंडळाच्या विश्वासावर नव्हे, तर राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखालीं निघणाऱ्या अध्यक्षांच्या वटहुकुमांवर चालत होतें. लोकप्रतिनिधींवांचूनहि राज्य चालतें, ही संवय हिटलरच्या आधींच जडली होती. फॉन पापेन प्रभृति मुत्सद्द्यांस वाटलें कीं, या माणसाची लोकप्रियता आपण वापरून घेऊं व मंत्रिमंडळांत त्याला जखडून ठेवूं. ३० जानेवारी १९३३ रोजीं ८५ वर्षांच्या हिंडेनबुर्गनें हिटलरला चॅन्सेलर नेमिलें, तेव्हां मंत्रिमंडळांत नाझी पक्षाचे तिघेच होते. वाघावर स्वार होणाऱ्यांना लगाम आपल्या हातांत नाहीं हें फार उशिरां कळलें.

२७ फेब्रुवारी रोजीं राईशस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशीं निघालेल्या वटहुकुमानें भाषण, सभा व मुद्रण यांचें स्वातंत्र्य तहकूब झालें आणि कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. इतकें करूनहि ५ मार्चच्या निवडणुकींत नाझींना शेंकडा ४४ च मतें पडलीं. २३ मार्च रोजीं विधिमंडळाच्या संमतीवांचून कायदे करण्याचा अधिकार सरकारास देणारें विधेयक पुढें आलें. त्यास दोनतृतीयांश मतें हवीं होतीं. ८१ कम्युनिस्ट सभासदांस सभेंत येऊंच दिलें नाहीं. कॅथॉलिकांचा मध्यपक्ष आश्वासनांवर भुलला. सभागृहांत गणवेशधारी स्वयंसैनिक उभे होते. ऑटो वेल्स यानें सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या वतीनें निर्भयपणें विरोध केला. ४४४ विरुद्ध ९४ मतांनीं विधेयक संमत झालें.

यानंतर विरोधकांचा समाचार एकेक करून घेण्यांत आला. १ मे हा कामगारांचा राष्ट्रीय सण म्हणून थाटानें साजरा झाला व २ मे रोजीं कामगार संघांच्या कचेऱ्या ताब्यांत गेल्या. १४ जुलै रोजीं नाझींखेरीज इतर पक्ष बेकायदा ठरले. ३० जून १९३४ पासून दोनतीन दिवस खुद्द आपल्याच पक्षांतील रोमसारख्या प्रतिस्पर्ध्यांचे व इतरांचे चौकशीवांचून खून पाडण्यांत आले, आणि ३ जुलै रोजीं तीं कृत्यें कायदेशीर होतीं असा कायदाच करण्यांत आला! कार्ल श्मिट या नामांकित कायदेपंडितानें तर त्यांचें लेखणीनें समर्थन केलें. २ ऑगस्ट रोजीं हिंडेनबुर्ग वारल्यावर सैन्यानें शपथ घेतली ती राज्यघटनेची नव्हे, हिटलरच्या देहाची.

ही सत्ता केवळ भीतीवर टिकली असें म्हणतां येत नाहीं. डाखाऊ येथील बंदिवास मार्च १९३३ मध्येंच उघडला होता. पण गुप्त पोलिसांची संख्या देशाच्या मानानें थोडी होती. वुर्त्सबुर्ग येथें उरलेलीं त्यांचीं दप्तरें इतिहासकारांनीं तपासलीं, तेव्हां अनेक प्रकरणांचें मूळ सामान्य माणसांच्या चुगल्यांत आढळलें. एप्रिल १९३३ च्या कायद्यानें ज्यू व विरोधी मतांचे अधिकारी नोकरींतून काढले गेले, आणि रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर बसावयास माणसें मिळालीं. भीति, लोभ, पुन्हां मिळालेलें काम, राष्ट्राभिमान व रेडिओवरील अखंड घोष हे सर्व एकाच सत्तेचे खांब झाले.

मार्च १९३३ चा तो कायदा चारच वर्षांपुरता होता. १९३७, १९३९ व १९४३ मध्यें त्याची मुदत वाढविण्यांत आली. जुनी राज्यघटना तर अखेरपर्यंत रीतसर रद्द केलीच नाहीं. देव्हारा जागच्या जागीं होता, देव मात्र केव्हांच नाहींसा झाला होता. पहिल्या दिवशीं शेजारी कम्युनिस्टाचा हक्क गेला तेव्हां अनेकांना त्यांत आपलें कांहीं गेलें असें वाटलें नाहीं. तो हक्क आपलाहि होता हें कळलें, त्या वेळीं तें बोलून दाखविण्याची जागाच उरली नव्हती.