गंजिफांचीं पानें

पत्ता म्हटला कीं यंत्रावर छापलेलें गुळगुळीत चौकोनी पान डोळ्यांपुढें येतें. पत्त्याची गोडी चित्रांत असली, तरी त्याचें आयुष्य चित्राखालच्या वस्तूवर अवलंबून असतें, हें मात्र पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. भविष्यकथनामुळें आज मुंबईच्या उपनगरांतही ठाऊक झालेले टॅरोटचे ७८ पत्ते मूळचे इटलींतील एका खेळाचे. भविष्याशीं त्यांचें नातें अठराव्या शतकांत जडलें. मिलानच्या ड्यूकांच्या घराण्यासाठीं पंधराव्या शतकांत रंगविलेल्या एका संचाचीं ७४ पानें अद्याप शिल्लक आहेत. कागदाचे थर चिकटवून केलेल्या पुठ्ठ्यावर सोन्याचा वर्ख चढवून तीं सजविलेलीं आहेत.

आपल्याकडे पानाच्या घडणीचा असाच विचार सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं केला. तेथील गंजिफा गोल असतात. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील आपल्या स्नेह्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि अबुल फजलानें अकबराच्या दरबारांतील गंजिफांचें वर्णन करून ठेविलें आहे. मोगली संचांत ८ रंगांचीं ९६ पानें असत. हिंदु परंपरेनें रंगांच्या जागीं दशावतार बसविले आणि पानें १२० झालीं. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि १ ते १० हीं आंकड्यांचीं पानें. दिवसा खेळावयाचें तर आरंभाचा मान रामाला, रात्रीं कृष्णाला.

दरबारी संच हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचेही होत. बाजारांतील संच कागदाचे अथवा कापडाचे. कागदाला वा कापडाला चिंचोक्यांची खळ देऊन थर जोडावयाचे, वर पांढरा लेप चढवावयाचा, पृष्ठभाग घोटावयाचा, मग चित्र आणि शेवटीं लाखेचें रोगण. कोंकणच्या दमट हवेंत हें रोगण निव्वळ शोभेचें नव्हे. ओल शिरलें कीं पान फुगतें, वांकतें आणि थर सुटूं लागतात.

पानाची पाठ बहुधा एकरंगी असते. सौंदर्याच्या दृष्टीनें तें साधें वाटेल. पण त्यांत मोठी जोखीम आहे. एका पाठीवर ओरखडा उठला तरी तें पान हातांत कोणाकडे आहे हें सर्वांना कळतें, आणि उरलेलीं ११९ पानें निर्दोष असूनही संच खेळाला निरुपयोगी होतो. म्हणूनच गंजिफा आपल्या पत्त्यांसारख्या हातांत पिसीत नाहींत. चादरीवर पसरून हलक्या हातानें मिसळतात. तिघांच्या खेळांत वांट्याला ४० पानें येतात. तेव्हां पान ताठ हवें, पण जाड नको. या दोन मागण्या एकदम पुऱ्या करणें हेंच चिताऱ्याचें खरें कसब. खेळ संपला कीं पानें रंगीत लाकडी पेटींत जात.

छापील विलायती पत्ते स्वस्त आले आणि हाताच्या पानाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडींत हें काम जाणणारे जवळजवळ संपले होते. १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनीं उरल्यासुरल्या जाणत्यांकडून विद्या घेऊन राजवाड्यांतच कारखाना चालू केला, तेव्हां कोठें ती वांचली. खेळ मात्र त्या मानानें वांचला नाहीं. आतां बहुतेक संच भेटीसाठीं किंवा भिंतीवर लावण्यासाठीं विकत घेतले जातात, आणि चौकटींतल्या पानाची पाठ कोणी पाहत नाहीं.