रद्दीच्या लगद्याचे विरंजन
रद्दीपासून केलेला लगदा उजळ करण्याची प्रक्रिया. शाई काढणे ही त्याआधीची, वेगळी पायरी आहे. हवेच्या बुडबुड्यांवर शाईचे कण तरंगवून किंवा लगदा धुऊन ती पार पडते. छपाईच्या काळ्या शाईतील काजळीवर कोणत्याही विरंजकाचा परिणाम होत नाही, त्यामुळे ही पायरी कच्ची राहिली तर पुढचे रसायन वाया जाते. छापील कागदापासून पुन्हा कागद करण्याची कृती जर्मनीतील गटिंगेनच्या युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केली.

पद्धत ठरते ती रद्दीच्या जातीवरून. वर्तमानपत्रांच्या रद्दीत यांत्रिक, म्हणजे लाकूड दळून केलेल्या लगद्याचे तंतू आणि त्यांच्यासोबत लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन भरपूर असते. लिग्निन काढायला गेले तर लगद्याचे वजन बरेच घटते. म्हणून ते तंतूतच ठेवून फक्त त्याचा रंग घालवणारे हायड्रोजन पेरॉक्साइड येथे सर्वांत योग्य. शाई सुटावी म्हणून घातलेल्या कॉस्टिक सोड्यामुळे असा लगदा पिवळा पडतो. ते टाळण्यासाठी पेरॉक्साइड पल्परमध्येच, म्हणजे रद्दीचा लगदा करणाऱ्या यंत्रातच, घालण्याची पद्धत आहे. मात्र लोह व मँगनीज यांच्या संसर्गाने ते विघटित होते. गिरणीत फिरवून वापरलेल्या पाण्यातील जंतूंचे कॅटालेज हे विकरही ते झपाट्याने संपवते. उजळपणा घसरला की मात्रा वाढवण्याआधी पाणी तपासावे.

रंगीत कागदापुढे पेरॉक्साइड अनेकदा अपुरे पडते. अ‍ॅझो रंगांमधील दोन नायट्रोजन अणूंचा दुवा क्षपणाने तुटतो, त्यासाठी सोडियम डायथायोनाइट वापरतात. ते तुलनेने स्वस्त आहे, पण हवा लागताच निकामी होऊ लागते. फॉर्मामिडीन सल्फिनिक आम्ल हवेला अधिक टिकते. ते महाग असून त्याला गरम, अल्कधर्मी लगदा लागतो. आधी पेरॉक्साइड आणि मग क्षपणक हा क्रम मिश्र रद्दीला चांगला लागू पडतो. शिल्लक पेरॉक्साइड मात्र क्षपणकाला निष्प्रभ करते.

कार्यालयीन रद्दी बहुतांशी रासायनिक लगद्याची असते. तिच्यातील रंग व प्रकाशीय उजाळक ओझोनने जातात, पण त्याची यंत्रणा खर्चिक. हायपोक्लोराइट स्वस्तात रंग उडवते. त्यातून क्लोरोफॉर्म आणि इतर क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे तयार होतात व सांडपाण्यात उतरतात. शिवाय यांत्रिक तंतू त्याने पिवळे पडतात. एवढ्या किमतीत ही बचत महागच पडते. जर्मनीच्या ‘ब्लाउअर एंगेल’ या पर्यावरणचिन्हाच्या कागदाला क्लोरीनयुक्त विरंजक वर्ज्य आहेत.

खोक्यांची तपकिरी रद्दी विरंजनासाठी घेऊच नये. ती पुन्हा खोक्यांकडेच जावी. तिचे क्राफ्ट तंतू पेरॉक्साइडने नीट उजळत नाहीत आणि पांढऱ्या रद्दीत थोडे जरी मिसळले, तरी तयार कागदावर तपकिरी ठिपके उठून दिसतात.