विद्याधनाचा वारसा आणि वारसदार

विद्या हे धन खर्चाने वाढते, हे वचन पाठशाळेच्या पहिल्या वर्षातच विद्यार्थ्याच्या मुखी बसते. त्यातील एक अध्याहृत अट मात्र सहसा ध्यानी येत नाही. हा खर्च करावयाचा तो घेणाऱ्याच्या ओंजळीत. ओंजळच पुढे आली नाही, तर हे धन वाढत नाही आणि उरतही नाही. सोने धन्याच्या मागे पेटीत राहते, विद्या धन्याबरोबर जाते. मठ, पाठशाळा, ग्रंथागारे, किंबहुना आजच्या कचेऱ्या व कारखानेसुद्धा, माणसांच्या जाणतेपणावरच उभे आहेत. त्यांच्या भवितव्याचा प्रश्न ह्या एका अटीशी येऊन थांबतो. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी चारही वेदांची आद्य मंत्रवाक्ये उद्धृत केली आहेत. त्यांपैकी अथर्ववेदाचे वाक्य प्रचलित शौनक संहितेच्या आरंभी आढळत नाही. तेथे ते काही सूक्तांनंतर येते. अर्थात भाष्यकारांपुढे पैप्पलाद संहिता असावी, असा तर्क विद्वान करीत. परंतु संहिताच दृष्टीस पडत नव्हती. पुढे काश्मीरचे महाराज रणवीरसिंह यांच्या प्रयत्नाने शारदा लिपीतील एक भूर्जपत्री पोथी उपलब्ध झाली आणि ती जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे रोट ह्या पंडिताच्या हाती गेली. १८७५ साली त्याने तिच्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. दैवाची गंमत अशी, की त्या पोथीचे पहिलेच पान गहाळ होते! १९०१ मध्ये ब्लूमफील्ड व गार्बे यांनी पोथीची छायाप्रत छापली. बॅरेट नामक अमेरिकन पंडिताने १९०५ ते १९४० अशी पस्तीस वर्षे त्या एकुलत्या एक, अशुद्धांनी भरलेल्या पोथीवरून पाठ लावण्यात घालविली. त्याच्या तपश्चर्येला उणे लेखण्याचे कारण नाही.

परंतु ह्या सर्व काळात ओरिसातील खेड्यांत पैप्पलाद शाखेचे ब्राह्मण तीच संहिता जतन करीत होते. ताडपत्र जीर्ण झाले, की नवे पत्र घ्यावयाचे, लोखंडी लेखणीने त्यावर उडिया अक्षरे कोरावयाची व काजळी चोळून ती उठवावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. विद्वत्‌सभांत ही शाखा काश्मीरच्या एका पोथीपुरती उरली होती. त्या घरांत ती नित्याच्या धर्मकृत्यांत होती. कलकत्त्याचे प्राध्यापक दुर्गामोहन भट्टाचार्य १९५० नंतरच्या दशकात तेथे पोहोचले, तेव्हा ही अलिखित सीमा मोडली. ताडपत्रांवर संहितेचा आरंभ शाबूत होता, आणि तो पतंजलींनी दिलेल्या वाक्यानेच होत होता. १९६४ साली पहिले कांड प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी दुर्गामोहन निवर्तले. काम मात्र निवर्तले नाही. पुढील कांडे १९७० मध्ये निघाली, आणि त्यांचे पुत्र दीपक भट्टाचार्य यांनी १९९७ ते २०१६ ह्या काळात वीसही कांडांची आवृत्ती चार भागांत पुरी केली.

आज पोथ्यांची छायाचित्रे संगणकात साठविली जातात. २००३ साली भारत सरकारने त्यासाठी राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन केले. यंत्रेही अक्षरे ओळखू लागली आहेत. हे स्वागतार्हच आहे. छायाचित्राने पान कसरीपासून वाचते. पण लेखकाचा प्रमाद कोणता आणि आर्ष प्रयोग कोणता, हे छायाचित्र सांगत नाही. मोडीचे रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. कागद धडधाकट आहेत, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! भट्टाचार्यांच्या घरी पुत्रच शिष्य निघाला, हे भाग्य. संस्थेला भाग्यावर विसंबून चालत नाही. तिला वारसदार नेमावा लागतो, आणि पहिला जाणता हयात असतानाच नेमावा लागतो.

बडोद्याने हे ओळखले होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने चिमणलाल दलाल यांनी पाटण व जेसलमेर येथील जैन भांडारे धुंडाळली. १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून राजशेखराची काव्यमीमांसा निघाली, तिच्या संपादनात दलालांबरोबर अनंतकृष्ण शास्त्री होते. १९१८ मध्ये दलाल अकाली गेले. त्यांच्या टिपणांचा ढीग तेवढा मागे राहिला. एखाद्या कचेरीत तो कपाटात जाऊन पडला असता. बडोद्यास पंडित लालचंद्र भगवानदास गांधी ती टिपणे घेऊन बसले. जेसलमेरची सूची १९२३ साली छापली गेली. पाटणच्या ताडपत्री पोथ्यांच्या सूचीला १९३७ साल उजाडले. दलालांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती, आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव होते.