नाशिकच्या वाटा आणि उषवदाताचा हिशोब

गेल्या काही वर्षांत आमच्या नाशकात 'ट्रेल' हा शब्द फार बोकाळलाय. रविवारी पहाटे गंगापूर रोडला उभं राहिलात तर हेल्मेट, चष्मे आणि घट्ट कपडे घातलेल्या सायकलवाल्यांची रांगच दिसते. त्र्यंबक रोडला मोटारींच्या टपावर सायकली. हरिहरच्या पायथ्याला पुण्या-मुंबईच्या मिनीबस. हे सगळं आपण सुरू केलं, असा आमच्या पिढीचा एक गोड गैरसमज आहे. आमच्या कंपनीतला एक जण मला गंभीरपणे म्हणाला होता, "नाशिकमध्ये ट्रेकिंग कल्चर आता कुठे रुजतंय." मी फक्त चहा पीत राहिलो. कारण या वाटांचं जुनं 'डॉक्युमेंटेशन' दगडात कोरलेलं आहे आणि ते मुंबई रोडला, शहरापासून आठेक किलोमीटरवर कुणालाही बघायला मिळतं.

मी पांडवलेण्यांबद्दल बोलतोय. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण तिथे पांडव वगैरे कुणी नाही बरं का. तो डोंगर म्हणजे शिलालेखांतला 'तिरण्हु', संस्कृतात त्रिरश्मी. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा माणूस. राजाचा जावई म्हटल्यावर लेखात लढाया आणि बढाया असणार असं वाटतं, आणि त्या आहेतही. पण मला आवडतो तो त्यातला रस्त्यांचा भाग. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे आपलं नालासोपारा, इथे त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नद्यांच्या दोन्ही काठांवर लोकांना बसायला जागा आणि प्यायला पाणी. नावं पुन्हा वाचा. तापी तर सरळच आहे. पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. पार आणि दमणगंगा दोन्ही आपल्याच जिल्ह्यात उगम पावतात. म्हणजे हा माणूस किनाऱ्यावरची बंदरं आणि घाटावरचं नाशिक यांना जोडणारं अख्खं जाळं सांभाळत होता.

आणि त्या यादीतलं गोवर्धन? ते गंगापूरच्या शेजारचंच गोवर्धन. रविवारची अर्धी सायकल मंडळी याच गावातून सोमेश्वरच्या धबधब्याकडे, गंगापूर धरणाकडे, नाहीतर गिरणाऱ्याकडे जातात. ज्या गावातून आपण गिअर बदलत जातो, तिथे तेव्हा विणकरांच्या श्रेणी होत्या आणि त्या ठेवी घेत! उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यातले २,००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, उरलेले १,००० दुसरीकडे दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. लेणीत पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी मिळायचे. सवय जात नाही म्हणून मी हिशोब तपासला. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले वीस, बरोबर १२. बग नाही. आता त्या बाजूला द्राक्षाचे मळे आणि वायनरी आहेत. लोक तिथे वेगळ्या कारणाने हळूहळू चालतात, असो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाच्या टांकसाळीतली, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. कंपनी विकली गेली की लोगो बदलतात, तसंच. पण लेण्यांना दान देणं याही घराण्याने चालूच ठेवलं. त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे. राजे बदलले, वाट चालूच राहिली. माणूस सोपाऱ्याला उतरायचा तर घाटानेच उतरणार, राजा कुणी का असेना.

आता वाट असली की तिच्यावर लक्ष ठेवणारा कुणीतरी लागतो. आपले किल्ले बघताना आपण नेहमी तट, बुरूज आणि लढाया बघतो. मला वाटतं आधी खाली बघायला पाहिजे. किल्ला कुठल्या घाटावर नजर ठेवून बसलाय? हरिहर गोंदा घाटावर, म्हणजे कोकणातून आणि गुजरातेकडून नाशकाला येणाऱ्या वाटेवर. तिकडे सातमाळा रांग बघा. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, राजदेहेर, इंद्राई, चांदवड अशी ओळच लागलीय, आणि प्रत्येक दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीतून कुठली ना कुठली वाट पलीकडे उतरते. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन परतत होते तेव्हा याच रांगेतून, कांचन-मंचनच्या खिंडीने आले. पाठलागावर दाऊदखान कुरेशी. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या भागात लढाई झाली, मराठे जिंकले आणि लूट सहीसलामत निघाली. नकाशा उघडून बघितलं तर कळतं की खिंड कुठली निवडायची हा निर्णय त्या दिवशी तलवारीइतकाच महत्त्वाचा होता.

रामशेजबद्दल सगळ्यांना माहीत आहे. शहरापासून जेमतेम चौदा किलोमीटर, चढायला तासभरही लागत नाही, आणि १६८२ पासून मोगलांना काही वर्षं झुलवलं त्याने. शहाबुद्दीन खानाने लाकडी दमदमा उभारला तरी गड पडला नाही. यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

मला खटकते ती १८१८ची गोष्ट. त्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी राजदेहेर घेतला, मग त्र्यंबक घेतला, आणि त्र्यंबक पडल्याचं कळताच आजूबाजूचे १७ किल्ले न लढता त्यांच्या ताब्यात गेले. हरिहर त्यातलाच. कॅप्टन ब्रिग्ज तेव्हा तिथे गेला होता आणि त्या जिन्याचा खडेपणा पाहून चकित झाला होता. इंग्रजांचं पुढचं धोरण साधं होतं. किल्ला पाडायला दारूगोळा फार लागतो, तो पाडू नका. त्याची वाट मोडा. पायऱ्या सुरुंगाने उडवल्या की वर तोफा असोत नाहीतर धान्य, त्याचा उपयोग शून्य. इंजिनिअर म्हणून मला या विचाराचं कौतुक वाटतं आणि नाशिककर म्हणून राग येतो. अलंग, मदनला आज दोर लागतो तो निसर्गामुळे नाही. जिथे पायऱ्या होत्या तिथे सुरुंगाने कोरी भिंत करून ठेवलीय. हरिहरचा जिना मात्र राहिला. त्याच्या सौंदर्यावर भाळून ब्रिग्जने तो सोडून दिला असं सांगतात. छान गोष्ट आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. एप्रिल संपत आलेला, पाऊस तोंडावर आणि पाडायच्या किल्ल्यांची यादी लांबलचक. माझा अंदाज, हरिहर 'बॅकलॉग'मध्ये राहून गेला.

तो जिना ज्यांनी कोरला त्यांची नावं कुठेही नाहीत. शंभराहून जरा जास्त पायऱ्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंना हात रोवायला खोबण्या. पावसात, पाठीवर ओझं असताना माणूस कुठे घसरेल आणि त्याची बोटं कुठे जातील याचा विचार करून त्या केल्यात. 'युझर इंटरफेस' शिकवणाऱ्या मास्तरांनी वर्ग तिथेच भरवावा.

आणि त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला सरळसोट कडा आहे, 'स्कॉटिश कडा'. नोव्हेंबर १९८६ मध्ये डग स्कॉट हा गिर्यारोहक इथे येऊन तो चढून गेला. गंमत म्हणजे स्कॉट हे आडनाव, माणूस इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. १९७५ साली एव्हरेस्टवर पोचला तो. पण आम्ही त्याला स्कॉटलंडला पाठवून मोकळे झालो. एकाचे देशवासी जिने उडवून गेले आणि १६८ वर्षांनी त्यांच्यातलाच एक जण जिना सोडून कड्यावरून चढला, याचं मला अजून हसू येतं.

पण किल्ले, राजे आणि साहेब बाजूला ठेवले तर नाशिकच्या वाटा खऱ्या अर्थाने जिवंत ठेवल्या त्या चालणाऱ्या साध्या लोकांनी. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला येणाऱ्या दिंड्या. चैत्रात खानदेशातून उन्हातान्हात सप्तशृंगीला चालत येणारी माणसं. आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. छोटी फेरी साधारण वीस किलोमीटर, मोठी जवळपास दुप्पट. निवृत्तीनाथांची कथाच या फेरीतली आहे. आईवडिलांबरोबर प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, पोरं पांगली आणि निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. वारकरी परंपरेतली गुरुभेट चक्क एका ट्रेकमधल्या चुकामुकीतून झाली!

माझ्या आजीने ही फेरी लग्नानंतर कितीतरी वर्षं केली. नऊवारीत, अनवाणी, रात्री निघून. आता गुडघे गेलेत. मागच्या दिवाळीत तिने मला विचारलं, "का रे, अंजनेरीला रस्ता होणार होता ना? गाडीने वर जाता आलं असतं मला."

इथे माझी पंचाईत होते. २०२१ साली अंजनेरीवर थेट वरपर्यंत रस्ता करायचा घाट घातला गेला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि गिर्यारोहकांनी जोरदार विरोध केला, आणि मी विरोधाच्या बाजूचा आहे. अंजनेरीवर एक कंदीलपुष्प उगवतं, शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नावातच अंजनेरी घातलं. कड्यांवर गिधाडं आहेत. २०१७ मध्ये हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पुढे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी जोडणाऱ्या पावणेसहा किलोमीटरच्या रोपवेचा प्रस्ताव आला, त्यालाही याच कारणांनी विरोध झाला. हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "फुलं काय, मीही बघितलीत तिथली. तुला काय वाटतं, मी तोडणार होते का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. वाट सगळ्यांसाठी असावी हे उषवदाताने दगडात लिहून ठेवलंय, आणि ज्याचे पाय थकलेत तो 'सगळ्यां'मध्ये येतोच. पण उषवदाताने नदीवर नाव ठेवली, नदी बुजवली नाही, असं मी स्वतःला समजावतो. रस्ता झाला की तो एकट्या आजीसाठी होत नाही. हरिहरचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागल्यावर त्या अरुंद जिन्यावर सुट्टीच्या दिवशी काय चेंगराचेंगरी होते ते मी पाहिलंय. तिथे चढायला निदान भीती तरी वाटते. गाडीरस्त्याला तीही नाही.

अंजनेरीच्या पायथ्याला चहा देणाऱ्या मावशींचं गणित वेगळंच निघालं. मला वाटलं होतं त्यांना रस्ता हवा असेल. त्या म्हणाल्या, "गाडी थेट वर गेली तर हितं कोण थांबल दादा? आमच्या पोहे-चहाला गिऱ्हाईक चालणारंच." शेजारी बसलेल्या बाबांना ते पटलं नाही. रस्ता झाला तर पोरं मुंबईला कामाला जायच्या ऐवजी वर दुकान टाकतील, असं त्यांचं म्हणणं. दोघांचा वाद माझा दुसरा चहा संपेपर्यंत चालला होता.

सायकलबद्दल लिहायचं राहिलंच. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, दोघांच्या गटात ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. नाशिक-पंढरपूर सायकल वारीही सुरू झाली. म्हणजे शेवटी पंढरपूरच! गिअर आले, ट्यूबलेस टायर आले, पण जायचं कुठे हे जुन्या लोकांनीच ठरवून ठेवलंय.

आजीला पुढच्या महिन्यात पांडवलेण्यांना न्यायचं ठरलंय. तिथे पायऱ्या बऱ्या आहेत, मध्ये बसत बसत जाऊ. दहाव्या लेण्यातला तो व्याजाचा हिशोब तिला दाखवायचाय. पोस्टातल्या ठेवीवर इतकी वर्षं बारीक लक्ष ठेवलेली बाई आहे ती, दरमहा शेकडा एक ऐकून नक्की काहीतरी बोलेल.