एलिझाबेथकालीन नाट्यवचने आणि मराठी शब्दार्थ : ‘विकारविलसित’ ते ‘नटसम्राट’

शेक्सपिअरची अनेक वचने नाटकांपासून सुटून स्वतंत्रपणे रूढ झाली आहेत. वचन सुटते तेव्हा त्यातील शब्दाचा तत्कालीन अर्थ मागे राहतो आणि वाचक त्यावर आपल्या काळाचा अर्थ लादतो. ‘हॅम्लेट’मधील राणीच्या प्रसिद्ध उद्गारातील ‘प्रोटेस्ट’ हे याचे परिचित उदाहरण होय. आज त्याचा अर्थ विरोध करणे असा घेतला जातो. त्या काळी तो शपथपूर्वक सांगणे, आणाभाका घेणे असा होता. इंग्रजी वाचक असा शब्द न समजताही पुढे जाऊ शकतो. भाषांतरकाराला ती सवलत नसते. त्याला अर्थ ठरवावाच लागतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी रूपांतरे ही शब्दार्थाच्या इतिहासाची साधनेही ठरतात.

कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात 1882 मध्ये आगरकर व टिळक यांना मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. याच काळात आगरकर ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात गुंतले होते. ‘विकारविलसित’ 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक इंग्रजी कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची अडचण ध्यानात येते. डॉ. जॉन्सनचा 1755 चा कोश आणि मोल्सवर्थ-कँडी यांचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश अस्तित्वात होते. परंतु शब्दाच्या अर्थाचा कालक्रमाने आलेख मांडणे हा त्यांचा उद्देश नव्हता.

आगरकरांच्या शीर्षकातील ‘विकार’ या शब्दालाच आज टीप द्यावी लागते. हृदयविकार, नेत्रविकार या प्रयोगांमुळे तो रोगवाचक वाटतो. त्या पिढीच्या गद्यात मात्र मनोविकार म्हणजे क्रोध, शोक, मत्सर, प्रेम इत्यादी मनाच्या प्रक्षुब्ध अवस्था होत. एलिझाबेथकालीन इंग्रजीतील ‘पॅशन’ला हा प्रतिशब्द फार जवळचा आहे. मूळ शब्द जुना झाला तसा त्याचा मराठी अर्थवाहकही जुना झाला.

‘ऑथेल्लो’ (हे नाटक काटेकोरपणे पाहता राणी एलिझाबेथच्या 1603 मधील निधनाच्या आसपासचे, बहुधा नंतरचे आहे) महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये मराठीत आणले. 1890 मध्ये देवलांचे ‘झुंझारराव’ आले. या नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून 52 वेळा येतात, अशी गणना विल्यम एम्प्सन या समीक्षकाने केली आहे. इयागोच्या संदर्भात त्याचा अर्थ प्रामाणिक, सरळ मनाचा. डेस्डिमोनाच्या संदर्भात शीलवती. नायकाचा घात नेमका येथेच आहे : एकाला ‘ऑनेस्ट’ मानले की दुसरी ‘ऑनेस्ट’ राहत नाही. मराठीत पुरुषासाठी ‘प्रामाणिक’ आणि स्त्रीसाठी ‘पतिव्रता’ असे दोन शब्द योजावे लागतात. अर्थ शाबूत राहतो. पण एकाच शब्दाने घातलेली गाठ सुटते. हा दोष भाषांतरकाराचा नव्हे.

वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या ‘त्राटिके’बाबत मात्र असे म्हणता येत नाही. ‘श्रू’ म्हणजे मुळात चिचुंद्रीसारखा एक लहान प्राणी. त्याचा दंश विषारी असतो, अशी जुनी समजूत होती. त्यावरून दुष्ट माणसाला, प्रथम पुरुषालाही, तो शब्द लावला गेला आणि पुढे तो कजाग स्त्रीपुरता संकोचला. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा संकोच बराचसा झालेला असला, तरी जुना अर्थ पुरता मेला नव्हता. म्हणूनच नाटकात नायकाच्या वर्तनाचे वर्णन ऐकून एक नोकर म्हणतो की, हा तर तिच्याहून मोठा ‘श्रू’ आहे. साऱ्या ‘वठणीवर आणण्या’कडे तिरकसपणे पाहण्याची वाट या एका शब्दाने उघडते. ‘त्राटिका’ हे रामाने वधलेल्या राक्षसीचे नाव. ते स्त्रीलिंगी आहे. प्रतापरावाला ते लावता येत नाही. शिवाय त्राटिकेच्या पारिपत्याविषयी श्रोत्याच्या मनात शंका उरत नाही. नाव रंगभूमीवर अतिशय प्रभावी ठरले, यात संशय नाही. परंतु त्याने निकाल आधीच देऊन टाकला. स्त्रीशिक्षणाचा वाद पेटलेल्या त्या काळात ही निवड निरुपद्रवी मानता येत नाही.

हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतात ‘कॉन्शन्स’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ सदसद्विवेकबुद्धी की केवळ जाणीव, विचारशीलता, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. संदर्भ दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ओफेलिया दिसेपर्यंत या स्वगतात ‘मी’ हे सर्वनामच नाही. प्रश्न ‘असणे’ या क्रियापदाचा आहे. विद्यापीठातील वादविषयासारखा तो मांडला गेला आहे. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ने (1970) तो जगण्यामरण्याचा केला आणि मुलांच्या घरून बाहेर पडलेल्या गणपतराव बेलवलकरांच्या तोंडी घातला. मराठी प्रेक्षकांपैकी पुष्कळांना हॅम्लेटचा प्रश्न प्रथम भेटला तो याच रूपात, आणि मूळ नाटक वाचतानाही त्यांच्या कानी बेलवलकरांचाच आवाज असतो.